ओव्हरक्लॉक फसला आणि पीसी उठेना: जंपरपासून विंडोजपर्यंत, क्रमाने

प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायचा, म्हणजे ओव्हरक्लॉक करायचा, म्हणून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा गुणक, दोन पायऱ्या चढवला, एफ१० दाबून सेव्ह केलं, मशीन रिस्टार्ट झालं आणि स्क्रीन काळीच राहिली. पंखे फिरतायत, आरजीबी दिवे नाचतायत, मॉनिटर मात्र ‘नो सिग्नल’वर अडलेला. अशा वेळी प्रोसेसर जळाला असं वाटणं साहजिक आहे, पण बहुतेक वेळा काहीही जळालेलं नसतं. बायोसमध्ये लिहिलेली सेटिंग मदरबोर्ड प्रत्येक वेळी सुरू होताना वाचतो आणि इमानेइतबारे लागू करतो. तुम्ही सांगितलेला वेग तेवढ्या व्होल्टेजवर प्रोसेसरला झेपत नाही, म्हणून सुरुवातीची तपासणी, म्हणजे पोस्ट, अर्ध्यात कोसळते. बंद करून पुन्हा चालू केलं तरी तीच सेटिंग, तोच निकाल. तेव्हा काम एवढंच, की ही सेटिंग बोर्डाला विसरायला लावायची, आणि तीही डेटा व विंडोज सांभाळून. खालचा क्रम त्यासाठीच आहे. सगळ्यात निरुपद्रवी उपाय आधी ठेवलेत, घाईने मधले टप्पे गाळू नका.

एक अपवाद मात्र सुरुवातीलाच. जळका वास आला, धूर दिसला किंवा व्होल्टेजच्या रकान्यात १.२५ ऐवजी १.५२ टाइप झाल्याची शंका असेल, तर मशीन पुन्हा चालू करून बघू नका. प्लग काढा आणि थेट सेटिंग पुसण्याच्या टप्प्यावर जा. वास खरोखर जळका असेल तर त्याआधी प्रोसेसर काढून सॉकेट बघा.

आधी नुसतं बघा

मशीन नेमकं काय करतंय? पंखाही हलत नसेल तर संशय एसएमपीएसवर (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर) किंवा कुठल्यातरी निसटलेल्या केबलवर जातो, ओव्हरक्लॉकवर कमी. पंखे फिरतात पण चित्र नाही, किंवा मशीन काही सेकंद चालून आपोआप बंद-चालू होत राहतं, ही फसलेल्या ओव्हरक्लॉकची नेहमीची लक्षणं. बायोस दिसतो पण विंडोज लोड होताना निळी स्क्रीन येते, तर तुम्ही नशीबवान आहात. बायोसमध्ये शिरून डिफॉल्ट सेटिंग घ्या (असुसवर एफ५, एमएसआयवर एफ६, गिगाबाइटवर एफ७, अ‍ॅसरॉकवर एफ९), एफ१०ने सेव्ह करा आणि खालच्या ‘उठलं!’ या भागाकडे वळा.

गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक बोर्डांवर २४ पिनच्या पॉवर कनेक्टरजवळ चार बारीक दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (मेमरी), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (डिस्क). तपासणी जिथे अडते तिथला दिवा पेटून राहतो. ‘सीपीयू’चा दिवा पेटला म्हणजे प्रोसेसर गेला, असा अर्थ काढू नका. तपासणी त्या टप्प्यापुढे सरकली नाही एवढंच तो सांगतो, आणि कारण कमी व्होल्टेजपासून सैल ८ पिन केबलपर्यंत काहीही असू शकतं. ‘डीरॅम’चा दिवा सगळ्यात जास्त वेळा दिसतो, कारण प्रोसेसरसोबत लोक एक्सएमपी किंवा एक्स्पोही (रॅमचा वेग वाढवणारी तयार सेटिंग) चालू करतात आणि मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्याच आत बसलेला असतो. ‘बूट’चा दिवा ही चांगली खबर: मशीन जिवंत आहे, फक्त डिस्क सापडत नाहीये.

हात बांधून थांबा

हा टप्पा सगळ्यात सोपा, आणि लोक नेमका हाच गाळतात. बऱ्याच बोर्डांमध्ये अपयश मोजण्याची सोय असते. दोन-तीनदा पोस्ट फसली की बोर्ड स्वतःच सुरक्षित वेगावर येतो आणि ‘ओव्हरक्लॉकिंग फेल्ड’ अशा अर्थाचा संदेश देऊन एफ१ दाबायला सांगतो. म्हणून मशीन आपोआप बंद-चालू होत असेल तर ते होऊ द्या. एकाच जागी गोठलं असेल तर पॉवरचं बटण पाच-सहा सेकंद दाबून बंद करा, अर्धा मिनिट थांबून पुन्हा चालू करा, आणि असं तीनदा करा.

डीडीआर५ मेमरी असेल, विशेषतः एएम५ (एएमडीच्या नव्या सॉकेटच्या) बोर्डावर, तर संयम आणखी हवा. सेटिंग बदलली किंवा पुसली गेली की बोर्ड मेमरीचं ट्रेनिंग नव्याने करतो. प्रत्येक सिग्नलची वेळ जुळवून बघायची, चुकली तर पुन्हा बघायची, असं ते काम आहे. या काळात स्क्रीन काळी आणि ‘डीरॅम’चा दिवा पेटलेला असतो. दोन स्टिक असतील तर एक-दोन मिनिटं, चार मोठ्या स्टिक असतील तर त्याहून बराच वेळ जातो. घड्याळ लावून पंधरा मिनिटं वाट बघा. दर दोन मिनिटांनी बटण दाबणारा माणूस ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो आणि मग ‘तासभर झाला, काहीच होत नाही’ म्हणून हताश होतो.

महागड्या बोर्डांवर ‘सेफ बूट’, ‘रिट्राय’ किंवा ‘मेमओके’ अशी बटणं असतात. सेफ बूट मिळालं तर तेच आधी वापरा. त्यात तुमची सेटिंग पुसली जात नाही, फक्त त्या वेळेपुरती बाजूला ठेवली जाते. मग बायोसमध्ये जाऊन चुकलेला एकच आकडा दुरुस्त करता येतो.

सीमॉस पुसणे

सीमॉस म्हणजे बायोसची सेटिंग साठवणारी जागा, आणि तिला जपणारा सेल म्हणजे सीआर२०३२. २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, ३ व्होल्टचा बटण सेल. घड्याळवाल्याकडे सहज मिळतो. सेटिंग पुसण्याचे तीन रस्ते आहेत, पण सुरुवात तिन्हींची सारखीच.

१. मशीन बंद करा, एसएमपीएसमागचा खटका शून्याकडे करा आणि भिंतीतला प्लग काढा. नुसतं मशीन बंद करून भागत नाही, कारण मशीन बंद असतानाही एसएमपीएस बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो.

२. प्लग काढलेल्या अवस्थेत कॅबिनेटचं पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज निघून जातो. बोर्डावरचा एखादा दिवा मिणमिणत असेल तर तो पूर्ण विझेपर्यंत थांबा.

३. बोर्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा. गालिच्यावर उभं राहून हे काम करू नका.

आता मागच्या पट्टीवर ‘क्लिअर सीमॉस’चं बटण असेल तर ते दहा सेकंद दाबा, झालं. बटण नसेल तर बोर्डावर जंपर, म्हणजे त्यासाठीच्या दोन-तीन उघड्या पिना, शोधा. असुसवर त्याच्याजवळ सीएलआरटीसी असं छापलेलं असतं, गिगाबाइटवर सीएलआर_सीमॉस, एमएसआयवर जेबॅट१, अ‍ॅसरॉकवर सीएलआरसीमॉस१ किंवा त्याच्या आसपासचं काही. सहसा तो सेलजवळ किंवा बोर्डाच्या खालच्या कडेला सापडतो. दोनच पिना असतील तर चपट्या स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन्हींना एकदम टेकवून दहा सेकंद धरा. शेजारी यूएसबी आणि फ्रंट पॅनलच्याही पिना असतात, तेव्हा टॉर्च लावून, छापलेलं नाव वाचूनच टोक टेकवा. तीन पिना असतील तर टोपी १-२ वरून काढून २-३ वर बसवा, दहा सेकंदांनी पुन्हा १-२ वर आणा. ही टोपी परत जागेवर न लावता मशीन चालू करणं ही ठरलेली चूक आहे, आणि मग ‘सीमॉस पुसल्यावर तर पूर्णच मेलं’ अशी तक्रार येते.

तिसरा रस्ता सेल काढण्याचा. सेलच्या कडेची क्लिप नखाने बाहेर ढकलली की तो उसळून वर येतो. दहा मिनिटं बाहेर ठेवा. मल्टिमीटर असेल तर व्होल्टेज मोजून घ्या: नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.८ च्या खाली असेल तर बदला. अधिक खूण वरच्या बाजूला येते. कित्येक बोर्डांवर सेल नेमका ग्राफिक्स कार्डाखाली दडलेला असतो. कार्ड काढताना आधी त्याची पॉवर केबल, मग मागचे स्क्रू आणि शेवटी स्लॉटच्या टोकाची कुंडी सोडवा. कुंडी न उघडता कार्ड ओढलं तर स्लॉट तुटतो.

पुसून झाल्यावरचं पहिलं बूट संथ असतं. मशीन एक-दोनदा आपोआप बंद-चालूही होईल. पंधरा मिनिटांचा नियम इथेही लागू.

तरीही काळी स्क्रीन

आता मशीन कमीत कमी सुट्या भागांवर आणा. सगळ्या यूएसबी वस्तू काढा, फक्त कीबोर्ड ठेवा. साटा डिस्कच्या केबल काढा आणि जमलं तर एनव्हीएमई ड्राइव्हही काढून ठेवा. डगमगत्या मेमरीवर विंडोज सुरू व्हायला लागलं तर ते डिस्कवर चुकीचा मजकूर लिहू शकतं, तेव्हा डेटा या प्रयोगाबाहेर असलेलाच बरा. रॅमची एकच स्टिक ठेवा. चार स्लॉटच्या बोर्डावर ती सहसा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये, ए२ मध्ये, बसते. एका स्टिकने उठलं नाही तर दुसरी लावून बघा, मग स्लॉट बदला, आणि प्रत्येक बदलानंतर पुरेशी वाट बघा.

ग्राफिक्स कार्ड काढून बोर्डाच्या एचडीएमआयवर चित्र बघायचं असेल तर आधी प्रोसेसरचं पूर्ण नाव आठवा. इंटेलच्या नावाअखेर एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. एएमडीच्या रायझन ५००० मध्ये नावाअखेर जी असलेल्यांमध्येच ते असतं. ७००० मालिकेत एफ सोडले तर सगळ्यांत छोटंसं ग्राफिक्स आहे. हे विसरून लोक ठणठणीत मशीनला मृत घोषित करतात.

प्रोसेसरची ८ पिन केबल, बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली, काढून पुन्हा ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवा. २४ पिनचंही तसंच.

इथवर काही हललं नाही तर बायोसच्या चिपमधला मजकूरच बिघडल्याचा संशय घ्यायचा, विशेषतः सेटिंग सेव्ह होत असताना वीज गेली असेल तर. बोर्डावर दोन बायोस आणि निवडीचा खटका असेल तर तो बंद अवस्थेत दुसरीकडे करा. नसेल तर मागच्या पट्टीवर फ्लॅशबॅकचं बटण आहे का पाहा. असुस आणि अ‍ॅसरॉक त्याला बायोस फ्लॅशबॅक म्हणतात, एमएसआय फ्लॅश बायोस, गिगाबाइट क्यू-फ्लॅश प्लस. याची खुबी अशी, की प्रोसेसर आणि रॅम काम करत नसतानाही ते चालतं. फक्त २४ पिन आणि ८ पिनची वीज लागते.

जुना, साधा पेनड्राइव्ह घ्या, फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि कंपनीच्या साइटवरून नेमक्या तुमच्या मॉडेलची व आवृत्तीची बायोस फाइल उतरवून त्यात टाका. बोर्डावर ‘रिव्हिजन’ छापलेली असते, तीही जुळवा. फाइलचं नाव कंपनीच्या नियमानुसार बदलावं लागतं. असुस त्यासाठी झिपमध्येच बायोसरिनेमर देतं, बाकीच्यांचं ठरलेलं नाव मॅन्युअलमध्ये असतं. पेनड्राइव्ह खूण केलेल्या पोर्टमध्येच लावा आणि मशीन बंद ठेवून, वीज चालू ठेवून बटण दाबा (असुसवर सुमारे तीन सेकंद). दिवा लुकलुकायला लागतो आणि काम संपलं की विझतो. पाच ते दहा मिनिटं धरून चाला. दिवा काही क्षणांत विझला किंवा सलग पेटून राहिला, तर बोर्डाला फाइल वाचता आलेली नाही: नाव, फॉरमॅट किंवा पेनड्राइव्ह बदला. हे काम यूपीएसवरच करा. पावसाळ्यात, वीज येऊन-जाऊन असताना तर नकोच. मध्येच वीज गेली तर चिप प्रोग्रामर लावून लिहावी लागते, आणि ते काम मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या चिपपातळीवर दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावं. काही बोर्डांवरची चिप १.८ व्होल्टची असते आणि ३.३ व्होल्टच्या स्वस्त प्रोग्रामरने ती कायमची जाते.

उठलं! पण विंडोजकडे धावू नका

बायोस दिसल्यावर आधी तारीख-वेळ लावा. चुकीच्या तारखेवर ब्राउझर प्रत्येक सुरक्षित साइट नाकारतो आणि इंटरनेट बिघडलं असं वाटतं. प्रोसेसरचं तापमान बघा. बायोसमध्ये ते साठीच्या वर चढत जात असेल तर कूलर नीट बसलेला नाही. एक्सएमपी किंवा एक्स्पो तूर्त बंदच ठेवा.

मग साठवणुकीची पद्धत. पुसण्याआधी रेड किंवा इंटेलचं व्हीएमडी (डिस्क जोडण्याच्या खास पद्धती) चालू होतं आणि आता डिफॉल्टने ते बदललं, तर विंडोज ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत कोसळेल. विंडोज बिघडलेलं नसतं, दार बदललेलं असतं. जुनी पद्धत परत लावा. जुन्या, एमबीआर पद्धतीने घातलेल्या विंडोजला सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होण्याची सोय) चालू लागतं, यूईएफआयवाल्याला बंद. बूटक्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिला हवा.

सगळ्यात महाग पडणारी चूक बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शनची. एएमडीच्या बोर्डावर, विशेषतः बायोस बदलल्यावर, एफटीपीएम (प्रोसेसरमधली किल्ल्यांची तिजोरी, म्हणजे टीपीएम) रीसेट करायचं का, वाय की एन, असा प्रश्न येऊ शकतो. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल आणि ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी नसेल तर एन दाबा. वाय दाबलं की आतल्या किल्ल्या पुसल्या जातात. नव्या लॅपटॉपांवर आणि पीसींवर विंडोज ११ हे एन्क्रिप्शन कित्येकदा आपणहून चालू करतं, त्यामुळे ‘मी तर लावलंच नव्हतं’ यावर विसंबू नका. की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, फोनवरून लॉगिन करून बघता येते. सीमॉस पुसल्याने टीपीएम नुसतं बंद झालं असेल तर ते बायोसमधून परत चालू करा. बहुतेकदा कीची मागणी तिथेच थांबते.

यानंतर लगेच विंडोज दुरुस्तीला घेऊ नका. आधी मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालवा. मोफत आवृत्ती चार फेऱ्या करते, रात्रभर लावून ठेवा. एकही चूक चालत नाही, ‘फक्त दोनच आल्या’ असा प्रकार नसतो. मेमरी खोटं बोलत असताना फाइल दुरुस्त करणारी आज्ञा चांगल्या फाइलीही खराब करते, म्हणून हा क्रम उलटा करायचा नाही.

मेमरी निर्दोष ठरली की डिस्क जोडा. लॉगिनपर्यंत जाऊन मशीन पुन्हा कोसळत असेल तर ओव्हरक्लॉक बायोसमध्ये नसून विंडोजमध्ये बसलाय का हे बघा: इंटेलचं एक्सटीयू किंवा एएमडीचं रायझन मास्टर हे प्रोग्राम विंडोजमधूनच ओव्हरक्लॉक लावतात. सीमॉस पुसल्याने त्यांच्या प्रोफाइल जात नाहीत. विंडोजचा लोगो दिसताच पॉवर बटणाने बंद करणं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा पडदा येतो. तिथून ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज आणि ४ दाबून सेफ मोड. तो प्रोग्राम काढून टाका.

मग अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी चेकडिस्क, /एफ सह. पुढच्या बूटला तपासणी होऊ द्या. त्यानंतर डिस्मची रिस्टोअरहेल्थ आज्ञा आणि शेवटी एसएफसी /स्कॅननाउ. डिस्म आधी घ्यायचं कारण असं, की एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइली उचलतं तो साठाच डिस्म दुरुस्त करतं.

डिफॉल्टवरही डगमगतंय?

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांबाबत स्वतःला दोष देण्याआधी थांबा. मायक्रोकोडच (प्रोसेसरला चालवणारा आतला प्रोग्राम) जास्त व्होल्टेज मागत राहिल्याने त्यातले काही प्रोसेसर हळूहळू झिजले, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, ०x१२९ आणि नंतर ०x१२बी हे मायक्रोकोड दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवा मायक्रोकोड पुढची झीज रोखतो, झालेली भरून काढत नाही. डिफॉल्टवर गेम किंवा झिप उघडताना चुका येत असतील तर वॉरंटीचा अर्ज करा. एएम५ वर २०२३च्या मध्याआधीचा बायोस असेल तर आधी अपडेट करा. एसओसी व्होल्टेज १.३ च्या वर जाऊन काही रायझन ७००० प्रोसेसर जळाले होते, त्यानंतर ती मर्यादा घातली गेली.

प्रोसेसर काढून बघायची वेळ आली तर एएम४ (एएमडीच्या आधीच्या सॉकेट) वर जपून. कूलर सरळ वर ओढला तर पेस्टला चिकटलेला प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. कूलर आधी डावी-उजवीकडे हलकेच पिळून सोडवा. एएम५ आणि इंटेलच्या पिना सॉकेटमध्ये असतात. फोनच्या टॉर्चने तिरका प्रकाश टाकून कॅमेऱ्यातून झूम करा, वाकलेली पिन वेगळी चमकते. एसएमपीएसचा संशय असेल तर दुसरा लावून बघणं हीच खरी चाचणी, आणि काहीही झालं तरी तो उघडू नका.

पुन्हा करायचंच असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला: प्रोसेसर चढवताना रॅम डिफॉल्टवर, रॅम चढवताना प्रोसेसर डिफॉल्टवर. बेस क्लॉक (मल्टिप्लायरने ज्याला गुणून वेग ठरतो) १०० वरच राहू द्या, कारण बहुतेक बोर्डांवर त्याच्यासोबत पीसीआयईही (ड्राइव्ह आणि ग्राफिक्स कार्डाची जोडणी) चढतं आणि एनव्हीएमई ड्राइव्ह गायब होतो. रायझनवर कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोअरचं व्होल्टेज घटवणारी सेटिंग) थेट उणे ३० ला नेऊ नका. तो पूर्ण भाराखाली टिकतो आणि मशीन रिकामं बसलेलं असताना कोसळतो, त्यामुळे ओसीसीटी किंवा प्राइम९५ या भार-चाचण्यांमध्ये पास झालेली सेटिंग रात्री आपोआप रिस्टार्ट होते. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम नोंदींत ‘व्हीया लॉगर’ (WHEA-Logger) या हार्डवेअरच्या चुका नोंदवणाऱ्या स्रोताची नोंद क्रमांक १८ किंवा १९ शोधा. कुठल्या कोअरने हात टेकले ते त्या नोंदीतल्या एपिक आयडीवरून (APIC ID) कळतं, त्या एकाच कोअरचा आकडा पाचाने सैल करा. आणि चालणाऱ्या प्रत्येक पायरीची प्रोफाइल बोर्डावर तर ठेवाच, पण पेनड्राइव्हवरही ठेवा, कारण बायोस बदलला की बोर्डावरच्या प्रोफाइल बहुधा पुसल्या जातात.